जांभूळबी, मामेजवा आणि साखरेची वही

बडोद्यात जांभूळ पिकतं ते नेमकं पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये खंडेराव मार्केटच्या आसपास टोपल्या दिसू लागतात आणि जुलै सरता सरता हंगाम आटोपतो. मधुमेहासाठी घरी बियांचं चूर्ण करणाऱ्यांची अर्धी अडचण या वेळापत्रकातच आहे. ताज्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असतं आणि ते काढायचं अशा दिवसांत, की दोरीवर टाकलेला पंचाही संध्याकाळपर्यंत दमट राहतो. बाजारातल्या पुड्यांत काळपट, कुबट वासाचं चूर्ण मिळतं, त्याचं कारण बहुतेक वेळा या वाळवणीत सापडतं.

आम्ही दर वर्षी हे चूर्ण करतो, मामेजवा नावाचं कडू रोप गोळा करतो, गुडमार या वेलीचा पाला सुकवतो. वैद्यांच्या सांगण्यावरून ज्यांना ते जातं, त्यांच्या साखरेच्या नोंदीही बघतो. ही सगळी वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी चालायची ते इथे लिहितो आहोत, कारण कुठली वनस्पती ‘चालते’ यावर जेवढं बोललं जातं, त्याच्या एक दशांशही बोलणं ती कशी ओळखायची, कशी वाळवायची आणि चालली की नाही हे कशावरून ठरवायचं, यावर होत नाही.

चूर्णासाठी मोठं रावणा जांबू घेण्यात अर्थ नाही. त्यात गर भरपूर असतो आणि पैसे गराचेच मोजावे लागतात. लहान, तुरट जांभूळ घ्यावं. त्यात गराच्या मानाने बी मोठी. सरबतवाले बिया फुकट देतात, पण गोणीत रात्रभर पडून राहिलेल्या बिया घेऊ नयेत. हात घातला की गरम लागतात, आंबूस वास येतो; म्हणजे आत आंबणं सुरू झालेलं असतं. गर काढला त्याच दिवशी बिया धुतल्या पाहिजेत. बादलीत पाणी घेऊन बिया गोणपाटाच्या तुकड्यावर चोळायच्या आणि बोटाला बुळबुळीत लागेनाशा होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. बीला चिकटलेला गर म्हणजे साखर, आणि बुरशीला तेवढीच हवी असते. धुताना ज्या बिया वर तरंगतात त्या पोकळ किंवा किडलेल्या असतात, त्या टाकून द्यायच्या.

मग जाळीच्या ट्रेवर एकाच थरात, पंख्याखाली. ताटात किंवा चादरीवर पसरल्या तर खालची बाजू ओलीच राहते. दिवसातून दोनदा हलवायच्या. दोन-तीन दिवसांत वरचं फिकट, कागदासारखं साल तडकतं. तळहातांत बिया चोळल्या की ते सुटून येतं, आणि आतला गाभा दोन दलांत सहज फुटतो. हा फोडण्याचा टप्पा बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. अख्खी बी बाहेरून खडखडीत वाटते, पण दोन दलांच्या मधल्या फटीत ओल अडकलेली असते. ती बरणीत गेल्यावर बाहेर पडते आणि महिन्याभरात फटीच्या कडेने राखाडी ठिपके दिसायला लागतात. म्हणून फोडून, दलं सुटी करून, पुन्हा वाळवायची. पाऊस लागलेला असेल तर इलेक्ट्रिक ड्रायरमध्ये ४५ ते ५० अंशांवर. गॅसवर, तव्यावर भाजून वाळवू नयेत. बाहेरून करपतात, आत ओल्याच राहतात.

वाळली हे कसं ओळखायचं? दल मोडलं की ‘टक्’ आवाज झाला पाहिजे आणि नखाने खूण उमटता कामा नये. याहून पक्की परीक्षा वजनकाट्याची: संध्याकाळी वजन करायचं, रात्रभर वाळवायचं, सकाळी पुन्हा करायचं. दोन्ही आकडे सारखे आले की झालं. ड्रायरमधून काढल्यावर पूर्ण गार होऊ द्यायची आणि लगेच बंद बरणीत भरायची. गरम भरली तर झाकणाला आतून घाम येतो.

ज्या घाण्यात बुरशी दिसली, तो सगळा घाणा टाकायचा. वाईट दलं वेचून बाकीची वापरणं, किंवा ‘भाजून घेऊ’ म्हणणं, हे दोन्ही धोक्याचं आहे. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष घरगुती भाजण्याने जात नाही आणि ते थेट यकृतावर जातं. मधुमेही माणसाच्या यकृतावर बहुधा आधीच चरबी असते. त्यात ही भर कशाला?

दळताना दलं आधी खलबत्त्यात भरड कुटून घ्यावीत. तशीच मिक्सरमध्ये टाकली तर पातं बोथट होतं आणि भांडं तापतं. थांबत थांबत फिरवायचं, मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करायचं. एका महिन्याला लागेल तेवढंच दळायचं. बाकी दलं तशीच ठेवायची, ती भुकटीपेक्षा जास्त टिकतात. चांगलं चूर्ण फिकट तपकिरी, चवीला तुरट आणि मागाहून किंचित कडवट. आयुर्वेदात बियांच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम धरतात. घरोघरचे चमचे वेगवेगळे, त्यामुळे पहिल्यांदा तरी काट्यावर मोजून आपल्या चमच्यात किती मावतं ते पाहून ठेवावं. तुरटपणामुळे बद्धकोष्ठ होतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर बीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोह शोषू देत नाही.

एवढा खटाटोप केल्यावर बीने साखर किती उतरते? प्रामाणिक उत्तर असं की प्राण्यांवरचे प्रयोग भरपूर आहेत आणि माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. पानांच्या बाबतीत तर ब्राझीलमध्ये जांभळाच्या पाल्याचा चहा नीट तुलना करून तपासला, तेव्हा साखर उतरली नाही. म्हणून आम्ही पाल्याचा काढा कोणाला सांगत नाही.

मामेजव्याची गोष्ट वेगळी, कारण तो इथलाच आहे. गुजरातभर वैद्य तो वापरतात, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात २००० सालच्या सुमारास त्याच्या पाण्यातल्या अर्काचे मधुमेही उंदरांवर प्रयोग होऊन साखर उतरल्याचं प्रसिद्ध झालं. पावसाळ्यात पडीक गवताळ जमिनीत, शेतांच्या बांधावर हे गुडघ्याखालचं रोप उगवतं. खोड चौकोनी. पानं समोरासमोर, देठ नसलेली, अरुंद भाल्यासारखी, त्यांवर तीन शिरा उठून दिसतात. पांढरी बारीक फुलं पानांच्या बेचक्यात खोडाला चिकटून झुपक्याने येतात. ही फुलं कुठे बसली आहेत ते बघणं फार महत्त्वाचं, कारण बाजारात चिरायता म्हणून जे विकलं जातं त्यात मामेजवा, कालमेघ आणि खरा डोंगरी किराईत हे सगळे एकमेकांच्या नावावर खपतात. कालमेघाचं खोडही चौकोनी आणि चवही जहाल कडू, पण त्याची फुलं लांब, फांद्या फुटलेल्या तुऱ्यांवर सुटी सुटी येतात आणि पाकळीवर जांभळे ठिपके असतात. वाळून चुरा झाल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बडोद्यात मांडवीकडच्या गांधियाणाच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानातून घ्यायचंच असेल तर चुरा घेऊ नये, फुलांसकट अख्खी जुडी मागावी आणि सांध्यांवरचे झुपके बघावेत.

आम्ही तो फुलावर असताना, पाऊस ओसरल्यावर उपटतो. मुळांसकट सगळं रोप म्हणजे पंचांग वापरतात. रस्त्याकडेचा, नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेला किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा मामेजवा घेऊ नये. मुळांची माती वाहत्या पाण्यात धुऊन, जुड्या बांधून, सावलीत उलट्या टांगायच्या. उन्हात टाकला तर पिवळा पडतो.

चूर्णाचा कडवटपणा बऱ्याच जणांना सोसत नाही, म्हणून घन, म्हणजे काढा आटवून दाट केलेला अर्क, करतात. १ किलो भरड पंचांगाला ८ लिटर पाणी, रात्रभर भिजत, सकाळी मंद आचेवर २ लिटर उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, चोथा कापडात घालून पिळायचा. इथवर काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. काढा मधासारखा दाट व्हायला लागला की तळाला चिकटतो आणि क्षणात करपतो. करपलेल्या घनाला जळका वास लागतो आणि तो घाणा वाया जातो. म्हणून दाट होऊ लागताच भांडं थेट आचेवरून काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचं आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहायचं. वनस्पतीच्या मानाने घन फार थोडा निघतो, आणि एवढ्यासाठी दिवस मोडतो, पण घाई करायची ही जागाच नव्हे. शेवटी त्याच मामेजव्याचं वस्त्रगाळ चूर्ण मिसळून मळायचं आणि गोळ्या वळायच्या. गोळी दाबली तर चेपता कामा नये. ओलसर राहिलेल्या गोळ्या नवरात्राच्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरतात.

गुडमारची वेल मात्र घरी लावावी, बाजारच्या पुडीच्या भानगडीत पडूच नये. ती कुंपणावर चढते. पानं समोरासमोर, लंबगोल, बोटाला मऊ लवदार लागतात. खरी की खोटी याची परीक्षा जिभेवर होते. दोन ताजी पानं मिनिटभर चावायची, सगळीकडे फिरवायची, थुंकून चूळ भरायची, मग चिमूटभर साखर तोंडात टाकायची. पान खरं असेल तर साखर वाळूसारखी लागते; खरखर जाणवते, गोडी अजिबात नाही. हे साधारण अर्धा ते एक तास टिकतं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोडी टिपणाऱ्या पेशींना अडवतात म्हणून असं होतं. जेवणानंतर काहीतरी गोड लागतंच अशा माणसाला याचा खरा उपयोग आहे: जेवण संपताना दोन पानं चावली की श्रीखंडाची वाटी आपोआप मागे सरते. रक्तातली साखर उतरवण्याबाबत १९९० मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सगळे सांगतात. त्यात २२ रुग्णांनी नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने घेतला आणि ५ जणांच्या गोळ्या सुटल्या. आकडा आशादायक आहे, पण २२ माणसं म्हणजे २२ माणसंच, आणि तो पाल्याचा अर्क होता, घरची भुकटी नव्हे.

मेथीबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे आणि सगळ्यांत जास्त पुरावाही तिचाच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासांत मेथीची भुकटी रोज २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत जेवणात मिसळून दिली होती. आपल्याकडे काय करतात? चमचाभर दाणे रात्री भिजवतात, सकाळी पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. चमचाभर म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला जो चिकट तंतू जेवणातल्या साखरेचं शोषण मंदावतो तो दाण्यातच राहतो. दाणे चावून खाल्ले पाहिजेत. २५ ग्रॅम एकदम पोटाला झेपत नाही. गुबारा धरतो, जुलाब होतात. ५ ग्रॅमपासून सुरू करून, दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत, दोन जेवणांत विभागून घ्यावी. भुकटी ठेपल्याच्या कणकेत, डाळीत, ताकात सहज जाते. घामाला आणि लघवीला मेथीचा गोडसर वास येतो, त्याला घाबरू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र मेथी आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण हाच तंतू औषधालाही धरून ठेवतो.

बिबळ्याच्या लाकडाचा, म्हणजे विजयसारचा, पेला हे बरंच जण विचारतात. खऱ्या गाभ्याच्या लाकडात पाणी ठेवलं की ते चहासारखं होतं आणि काचेच्या ग्लासात ओतून उन्हात, काळ्या कापडापुढे धरलं तर कडेला निळसर झाक मारते. नुसता रंग लावलेल्या पेल्यात रंग येतो, निळी झाक येत नाही. झाक येईनाशी झाली की पेला संपला असं समजावं. आतून बुळबुळीत झाला तर ताबडतोब टाकावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नव्यानेच मधुमेह कळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली होती. पण ती चाचणी तुलनेच्या गटाशिवायची होती आणि रोज २ ते ४ ग्रॅम अर्क दिला होता. पेल्याच्या पाण्यात किती उतरतं ते रोज बदलतं. शिवाय जंगलात हे झाड कमी होत चाललं आहे, तेव्हा पेल्यांची खरेदी आम्हाला पटत नाही.

आता जे करू नये ते. सदाफुलीची पानं चावू नयेत. बडोद्याच्या कितीतरी अंगणांत ती आहे आणि ‘शुगरला चांगली’ म्हणून रोज चार पानं खाणारे भेटतात. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत ती मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. साखर हलली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच पुढे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. ज्या पानांतून केमोथेरपीचं औषध निघतं ती पानं मात्रा न मोजता रोज खायची नसतात. नर्सरीतल्या ‘इन्सुलिन’च्या रोपात इन्सुलिन नसतं, असतं तरी ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून गेलं असतं. आणि दुधी-कारल्याचा एकत्र रस काढू नये. कडू दुधीत क्युकर्बिटासिन हे विष असतं, त्यावर उतारा नाही, आणि माणसं दगावलेली आहेत. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडूपणा कळत नाही, खरा धोका तिथेच. दुधीचा तुकडा आधी चाखावा, कडू लागला तर सगळा फेकावा. कारलं भाजी म्हणून खुशाल खावं. गरोदरपणात त्याचा रस मात्र टाळावा.

यानंतर वही. चूर्ण सुरू करण्याआधी निदान आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहायची. औषधी वनस्पती एकच सुरू करायची. तीन एकदम घेतल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. हात साबणाने धुऊन, पुसून मगच सुई टोचायची. बोटाला जांभळाचा गर लागलेला असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतो. आणि मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते, तेव्हा काल १६० आणि आज १४८ यावर आनंद किंवा दुःख करू नये. निकाल तीन महिन्यांनी, एचबीएवनसीवर, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर. अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक आम्ही फरक धरत नाही.

"काकू, आकडे चांगले आलेत, गोळी बंद करू का?" हा प्रश्न चूर्ण घेणाऱ्यांकडून आम्हाला दर वेळी येतो. उत्तर एकच: गोळी डॉक्टरांनी लिहिली, तर कमीही तेच करतील, वही घेऊन जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना यांपैकी काहीही सुरू करायचं तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण दोन्ही मिळून साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड जाणवली की मीटर लावायचा, ३ चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गुडमार नुकताच चावलेला असेल तर ती साखर गोड लागणार नाही, तरी घ्यायचीच. काम तेवढंच करते. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतच नाही अशा मुलांना, इन्सुलिनच्या जागी यातलं काहीही द्यायचं नाही. एखाद्या पुडीने चार दिवसांत साखर धाडकन उतरली तर खुश होण्याऐवजी संशय घ्यावा. अशा चूर्णांत साखरेची इंग्रजी औषधं मिसळलेली सापडलेली आहेत.

सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची, आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताची इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने दुसऱ्या, दिसायला तशाच वेलीशी गल्लत झाली असावी असा मुद्दा मांडला होता. कुठलीही बाजू धरली तरी नमुना हाताशी हवा. म्हणून प्रत्येक बरणीतलं मूठभर, न दळलेलं, तारीख आणि जागा लिहून वेगळं ठेवावं. मामेजव्याची एक जुडी फुलांसकट कागदात दाबून ठेवावी. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर चूर्ण त्याच दिवशी थांबवून बरणी आणि तो नमुना दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावं.